आगोट भरायची कुणी?

प्रति,
अन्न व नागरी पुरवठा, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास या तिन्ही खात्यांचे मंत्री व सचिव,
तसेच ठाण्याचे जिल्हाधिकारी आणि ठाणे जिल्हा परिषद यांस



माझ्या स्वयंपाकघरात तेलाच्या दोन बाटल्या असतात. मोठी बाटली सगळ्यांच्या कालवणाची. लहान बाटली खोकल्याच्या औषधाची, उकळत्या पाण्याने धुऊन घेतलेली. तिच्यातलं तेल फक्त धाकट्याचं. त्याच्या मऊ भातात मी त्या बाटलीचं बूच भरून तेल घालते, दिवसातून तीनदा. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं होतं, लेकराचं पोट मुठीएवढं, त्यात भात मावून मावून किती मावणार, तर घासात तेल घाल. बूचभर म्हणजे चमचाभर तेल, चाळीसेक कॅलरी. गेल्या आषाढात एका बुधवारी मोठी बाटली संपली. दुकानात आधीचीच उधारी थकलेली, म्हणून मी लहान बाटली मोठीत ओतली. पाच माणसांच्या आमटीला फोडणी बसली आणि धाकट्याने पुढचे सहा दिवस मीठ घातलेला नुसता भात खाल्ला. माझ्या वहीत त्या बुधवारपुढे "तेल नाही" एवढंच लिहिलेलं आहे.

मी मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला राहते. माहेर शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीजवळचं. मुलगी चार वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. घरात सासू-सासरे, दोन एकर भातशेती. नवरा गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून बदलापूर-कल्याणकडे जातो, आणि पाऊस लागला की बांधकामं थांबतात तसं त्याचं कामही थांबतं. गावातल्या बचत गटाची मी सचिव आहे. गटाचा हिशोब लिहिता लिहिता सवय लागली आणि गेली चार वर्षं घराचीही वही ठेवते. हे पत्र त्या वहीवरून लिहिते आहे.

आपल्यापैकी जे ठाणे-रायगडचे असतील त्यांना आगोट हा शब्द माहीत असेल. मृग लागायच्या आत घरात भरून ठेवायची पावसाळ्याची बेगमी म्हणजे आगोट. मे महिन्यात मिरच्या कुटून मसाला करायचा, कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या, लसूण, हळद, चिंच, मीठ, पापड. भात कापल्यावर ओलाव्यावर घेतलेला वाल आणि मूग राख लावून कणगीत ठेवायचा. सरळगावच्या बाजारातून सुकट, सुके बोंबील, वाकट्या आणून उन्हात पुन्हा कडक करून डब्यात भरायच्या. लाकूडफाटा पडवीत रचायचा. एवढं झालं की बाईच्या जिवाला स्वस्थता. पुढचे चार महिने बाहेर ओढ्याला पूर येवो की लावणीत कंबर मोडो, घरात भातावर घालायला काहीतरी आहे.

आमच्या भागातलं घरखर्चाचं सगळं शहाणपण या आगोटीत आहे. पण आगोट भरायला मे महिन्यात हातात एकरकमी पैसे लागतात आणि नेमके तेच नसतात. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातकरी वाडी आहे. तिथली निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे. जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तेवढ्यात तेल-मीठ-सुकट भागवायचं. पाऊस तोंडावर आला की हिशोब होतो, उचल आणि खर्ची वळती होते, आणि राहील ते घेऊन कुटुंब वाडीवर परततं. पुष्कळदा काहीच राहत नाही. ज्या आठवड्यात माझी सासू बोंबील मोजून घेते, त्याच आठवड्यात ती माणसं मोकळ्या हातांनी एसटीतून उतरतात, सोबत वर्ष-दोन वर्षांची पोरं.

त्या वाडीतली माझ्याच वयाची एक बाई पहिल्या पावसात रानातून शेवळं आणि काकडं गोळा करते. पहाटेच्या गाडीने कल्याणला जाते, फूटपाथवर जुड्या लावून बसते आणि दुपारपर्यंत विकून येते. त्या पैशांतून मीठ, मिरची आणि लेकरासाठी बटरची पुडी येते. तिची आगोट ती हीच. पंधरा दिवसांत शेवळं संपतात.

आगोट नसली की घर कसं चालतं, ते दुकानात उभं राहून ऐकावं. "दहाचं तेल द्या. पाचची साखर. पाचची चहापावडर. पाव किलो डाळ." आमच्याकडे सामान किलोने मागत नाहीत, रुपयाने मागतात. दहाच्या तेलात जेमतेम पन्नास मिली येतं, म्हणजे लिटरला दोनशे रुपये पडतात. त्याच आठवड्यात मुरबाडच्या बाजारात लिटरची पिशवी एकशे पंचेचाळीसला होती. पाव किलो तूरडाळ चाळीसला, बाजारात किलो एकशे तीसला. गेल्या आषाढ-श्रावणात आमच्या घराने असं सुटं सामान घेतल्यामुळे नुसत्या डाळ-तेलावर किती जास्त मोजले, ते मी वहीवरून काढलं. तीनशे ऐंशी रुपये. मोठ्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. सात रुपयांना एक अंडं धरलं तर ती चौपन्न अंडी होतात.

२०१६ साली १ डिसेंबरला आमच्याच तालुक्यातल्या धसईत राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून मोठा कार्यक्रम झाला, अर्थमंत्री आले होते, दुकानांत कार्डाची यंत्रं बसली. त्यात काही वाईट नव्हतं. आज आमच्याकडेही फोनवरून पैसे देतात. पण पैसे कुठल्या मार्गाने द्यायचे ही अडचण आमची कधीच नव्हती. जुलैमध्ये द्यायला पैसे नसतात, ही आहे. तेव्हा घर दुकानदाराच्या वहीवर चालतं, आणि वहीवर घेणाऱ्याने भावाबद्दल बोलायचं नसतं.

आता रेशनबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झालं, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. या धान्याने आमच्या भागात चूल पेटती ठेवली आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. माझी आजी पावसाळ्यात कंद उकडून दिवस काढल्याचं सांगायची. ती वेळ आमच्यावर आली नाही. पण तांदूळ मिळाल्यावरच आईचा खरा हिशोब सुरू होतो. भातावर काय घालायचं? मोठं माणूस मिठाबरोबर दोन वेळा भात खाऊन कामाला जाईल. सव्वा वर्षाचं मूल दोन वाट्यांच्या पुढे खात नाही. त्या दोन वाट्यांत डाळ, तेल, अंडं, दाणे, सुकट यांतलं काही गेलं नाही तर पोट भरतं आणि अंग भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, ३६ टक्के कमी वजनाची, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांना रक्त कमी. ही तांदळाविना उपाशी राहिलेली मुलं आहेत असं मला वाटत नाही. यांना कालवण मिळालेलं नाही.

आणि तांदूळ तरी सगळ्या मुलांच्या नावाचा येतो का? आमच्या कार्डावर चार नावं आहेत, सासू-सासरे, नवरा आणि मी. मुलगी चार वर्षांची झाली, दोनदा अर्ज दिला, जन्मदाखला दिला, आधार दिलं. उत्तर एकच, इष्टांक शिल्लक नाही. मग मी वाचून काढलं की हा इष्टांक असतो काय. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यातली माणसं मोजली २०११ च्या जनगणनेवरून, महाराष्ट्राच्या वाट्याला आली सात कोटी. माझी दोन्ही मुलं त्या मोजणीनंतरची. कायद्याने माणशी पाच किलो दिले, आणि घरातली सर्वांत लहान दोन माणसं मोजलीच नाहीत.

त्याच २०१३ च्या डिसेंबरात राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरवली. आम्ही अजून तोच आकडा ऐकतो. दिवसाला एकशे वीस रुपये होतात. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी एप्रिल २०२५ मध्ये ३१२ रुपये झाली. म्हणजे सरकारच्याच कामावर सरकारच्याच दराने एका माणसाने एकशे बेचाळीस दिवस राबावं आणि त्याच सरकारच्या रेशनसाठी अपात्र व्हावं. खरं ते सांगते, माझ्या नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न आज नव्याने मोजलं तर आम्ही या रेषेच्या बाहेर जाऊ. कार्डाच्या तपासणीची बातमी आली की गावातल्या बायका गप्प होतात, त्याचं कारण हे.

अंगणवाडी १९७५ पासून आहे आणि आमच्या ताई जिवापाड करतात. मुलगी तिथे गरम आहार खाते, गाणी शिकून येते. पण त्या आहारासाठी एका मुलामागे दिवसाला आठ रुपये धरलेले आहेत, अतितीव्र कमी वजनाच्या मुलासाठी बारा. हे दर २०१७ चे. ते ठरले तेव्हा त्यात पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं बसवायची होती. आज एक अंडं विकत घेतलं तर उरतो एक रुपया, त्यात इंधन, तेल, मीठ, डाळ, तांदूळ. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात हे दर योग्य तसे वाढवू असं सांगितलं होतं. आमच्या अंगणवाडीच्या ताटात ती वाढ मला अजून दिसलेली नाही.

आदिवासी भागात अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, पुढे मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. माझ्या मते महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे, कारण यात भाताबरोबर काय खायचं याचा विचार झाला. पण गावात बिल थकतं तेव्हा अंडी कोण आणतं, हेही आपल्याला माहीत असावं. माझ्या ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेने दोन महिने स्वतःच्या मानधनातून आणली. आणि शाळेचं पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरात माध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी न चुकता शाळेत जायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी काढून घेतला आणि लोकवर्गणीतून करा म्हणून कळवलं. आमच्या गावात लोकवर्गणी कुणाकडे मागायची?

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायची पाकिटं मिळतात. माझा मुलगा ते पीठ दोन घासांनंतर थुंकतो. मी त्यात गूळ आणि भाजलेले दाणे कुटून घालते तेव्हा खातो. म्हणजे पुन्हा गूळ आणि दाणे आलेच, माझ्या वहीत.

बाहेरचे लोक आम्हाला सांगतात की आदिवासी, कुणबी आया मुलांना कोऱ्या चहात बटर बुडवून देतात, पाचचा बिस्किटपुडा देतात, अज्ञान आहे. माझ्या माहेरी या. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबई ते पाणी पिते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत बायका हंड्यांच्या रांगेत दोन-दोन तास बसतात. मूल रडतं. चूल पेटवून भात शिजवायला पाऊण तास लागतो, पुडा फोडायला काहीच लागत नाही. चहाने अंगात लोह कमी शोषलं जातं, हे मला माहीत आहे. रांगेत बसलेल्या आईला ते माहीत असून काय उपयोग, ते मला कळलेलं नाही.

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही, कारण कळल्याचे पुरावे आपल्याच कागदांत आहेत. खावटी कर्ज योजना १९७८ ची. पावसाळ्यात आदिवासी घराला काम नसतं, सावकाराच्या दारात जावं लागतं, म्हणून त्या महिन्यांसाठी धान्य-किराणा द्यायचा, हाच तिचा हेतू होता. ज्याने ती आखली त्याला आगोट ठाऊक होती असं मला वाटतं. पुढे २०२० साली, करोनाच्या वर्षी, तीच खावटी एका वर्षासाठी अनुदान झाली. कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, तूरडाळ, उडीदडाळ, साखर, शेंगदाणा तेल, मिरची, मसाला, मीठ, चहा. ही यादी कुठल्याही आईने डोळे मिटून लिहिली असती. पण वस्तू आमच्या भागात हातात पडेपर्यंत पावसाळा उलटून गेला होता.

त्याच २०२० मध्ये केंद्राने रेशनवर महिन्याला कुटुंबामागे एक किलो कडधान्य मोफत दिलं होतं. २०१८ साली तूरडाळ रेशन दुकानात ३५ रुपये किलोने मिळाली. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा आला, रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि पामतेल एक लिटर. आमच्या वाडीपर्यंत डाळ आणि तेल पोचवता येतं, दुकान आहे, यंत्र आहे, अंगठा आहे, हे सगळं आपण करून दाखवलेलं आहे. फक्त सणाला दिलं. सणाला आम्ही कसंही गोड करतो. दिवाळीत नवं भात घरात आलेलं असतं, मजुरी सुरू असते. घर रिकामं असतं ते आषाढात. तामिळनाडू २००७ पासून दर महिन्याला रेशनवर सवलतीत डाळ आणि पामतेल देतं, तूरडाळ तीस रुपये किलो आणि पामतेल पंचवीस रुपये लिटर. ते राज्य आपल्याहून फार श्रीमंत आहे असं काही नाही.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार येतात ना, मग त्यातून घ्या, असं कुणी म्हणेल. घेतो. माझ्या वहीत त्या पैशांतला सगळ्यात मोठा भाग किराण्याचाच आहे. पण हप्त्याची तारीख ठरलेली नसते. तो आठ दिवस पुढे गेला की मधल्या आठ दिवसांचं सामान उधारीवर, जास्त भावाने येतं, आणि हप्ता आल्या दिवशी दुकानात जमा होतो. रोख पैसे आगोटीची जागा घेऊ शकले असते, जर ते वर्षातून एकदा, मेच्या मध्यावर, चार महिन्यांचे एकदम आले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे, त्या प्रत्येक घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांची आगोट द्या. आठ किलो डाळ-कडधान्य, चार लिटर तेल, दोन किलो शेंगदाणे. मुरबाडच्या बाजारात मी भाव विचारून बेरीज केली, घरामागे एकोणीसशेच्या आत बसते. २०२० मध्ये वस्तूंसाठी धरलेल्या दोन हजारांपेक्षा ती कमी आहे आणि सरकार घाऊक घेणार म्हणजे आणखी कमी होईल. घरं कार्डावरून शोधू नका, अंगणवाडीच्या रजिस्टरवरून शोधा. तिथे प्रत्येक मूल वजनासकट लिहिलेलं आहे, २०११ नंतर जन्मलेलंसुद्धा. भट्टीवरून परत येणाऱ्या घरांसाठी रजिस्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उघडा.

आणि हे सामान बांधायचं काम आम्हाला द्या. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळं आणि बचत गट हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं, आणि २०१९ मध्ये तर महाराष्ट्राचं मोठं टेंडर याच मुद्द्यावर रद्द केलं. आमच्या तालुक्यात वाल पिकतो, मूग पिकतो. शेतकरी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देतो आणि जुलैमध्ये आम्ही दुप्पट भावाने पाव-पाव किलो परत आणतो. गटाने तो मार्चमध्येच घेऊन ठेवला, राख लावून, नीट वाळवून, तर वाल इथल्या इथेच राहील. माझी सासू तीस वर्षं हेच करते, तिच्या वालाला कीड लागलेली मी पाहिली नाही. आमचा गट दहा बायकांचा आहे. आम्ही कर्जाचा एकही हप्ता चुकवलेला नाही.

यातलं एकच करता येणार असेल तर तेल करा. मुलाच्या वाटीत सगळ्यात लवकर फरक तेलाने पडतो, आणि घरातून सगळ्यात आधी तेच संपतं.

नवी योजना काढली की तिला नाव द्यावं लागतं, फोटो लागतो, पिशवी छापावी लागते, आणि त्यात दोन महिने जातात, असं मी ऐकून आहे. पिशवीवर काहीही छापू नका. आम्ही आमचे डबे घेऊन येऊ.

तारीख मात्र पाळा. २५ मेला रोहिणी लागते, ७ जूनला मृग. सामान २५ मेच्या आत गावात आलं पाहिजे. मृगानंतर आमच्या वाडीच्या रस्त्यावर टेम्पो चढत नाही.

आपली,
मुरबाड तालुक्यातली एक आई